दुतोंडी गल्ली

आमच्या गल्लीला दोन तोंडं आहेत. एक हायवेकडे उघडतं, दुसरं स्टेशनकडे. मधे माझी पावणेतीनशे पावलं. शाळेत असताना मोजली तेव्हा चारशेच्या वर भरली होती, पण तेव्हा पाय लहान होते आणि पेरूच्या झाडापाशी थांबलं की आकडा विसरून पुन्हा एकपासून सुरुवात व्हायची. विलेपार्ले पूर्वेला अशा गल्ल्यांना तोटा नाही. या एका गल्लीत मात्र माझी पन्नास वर्षं गेली, त्यामुळे २०२५च्या जूनमध्ये जेव्हा 'दोनपैकी एक तोंड बंद करावं का' यावर आमच्या बिल्डिंगखाली मीटिंग भरली, तेव्हा मी पहिल्या रांगेतली खुर्ची धरून बसले होते.

पार्लेकराने पार्ल्यावर लिहायला घेतलं की तिसऱ्या ओळीत बिस्किटांचा वास येतो. तो इथेच उरकून टाकते. यायचा, छान यायचा, २०१६ साली कारखाना बंद झाला आणि वास गेला. मला त्याहून जास्त आठवतो तो दुपारचा रिकामा रस्ता. मे महिन्यात जेवणं झाली की आम्ही दहाबारा जण खाली उतरायचो. डालड्याचा डबा हा स्टंप. एक टप्पा आऊट, डॉक्टरांच्या कंपाउंडात गेला तर आऊट आणि वर बॉल आणायला ज्याने मारला त्यानेच जायचं. अख्ख्या गल्लीत दोन गाड्या होत्या, त्यातली एक कायम खाकी कव्हरखाली. कधीमधी बाहेरची गाडी शिरली की पहिला बघणारा ओरडायचा, "गाडीऽऽ!" सगळे कडेला. कोणीतरी रमतगमत जाऊन डबा उचलायचं. तोवर गाडी थांबलेली असायची. गाडी गेली की डबा पुन्हा त्याच खुणेवर. या सगळ्याला मिनिट तरी लागायचं, आणि ते मिनिट गाडीवाल्याचं जायचं. हॉर्न वाजवणारा एखादाच, आणि त्याच्याकडे आम्ही असं बघायचो की तो काच वर करायचा.

मग एकेक बंगला पडला. चार बिऱ्हाडांच्या जागी सात मजले आले. सातच, कारण विमानतळाच्या फनेलमध्ये, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखाली येतो आम्ही, उंचीला परवानगी मिळत नाही. फ्लॅटमागे एक तरी गाडी आली, काहींच्या दोन. खाली स्टॅक पार्किंग आलं, म्हणजे गाडीवर गाडी. वरची गाडी काढायची तर खालच्याला फोन करायचा, तो अंघोळीला गेलेला असतो. त्यापेक्षा रस्त्यावर लावलेली बरी, असं एकेकाला वाटत गेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गल्ली 'सापडली' ती २०२२ साली. अंधेरीचा गोखले पूल. ३ जुलै २०१८ला पावसात त्याचा पादचाऱ्यांचा भाग रुळांवर कोसळला होता, तेव्हापासून तो आजारीच होता. अखेर ७ नोव्हेंबर २०२२पासून तो पाडून नवा बांधायला म्हणून पूर्ण बंद झाला. पूर्व-पश्चिम जायला पर्यायी मार्गांची यादी निघाली: खार सबवे, सांताक्रूझचा मिलन पूल, आमचा पार्ल्याचा कॅप्टन विनायक गोरे पूल, अंधेरी सबवे, जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे पूल, गोरेगावचा मृणालताई गोरे पूल. त्या यादीत आमच्या गल्लीचं नाव नव्हतं. ते फोनमधल्या नकाशाने शोधून काढलं. गोरे पुलाकडे जाणारा मोठा रस्ता लाल झाला की नकाशातली बाई गोड आवाजात सांगायची, डावीकडे वळा. लोक वळायचे. सकाळी साडेआठला पहिली रिक्षा, तिच्यामागे दुसरी, मग टेम्पो, मग दोन्ही तोंडांनी एकदम, आणि मधे पेरूच्या झाडापाशी (झाड नाही आता, पण जागेला तेच नाव) समोरासमोर अडकून बोंबाबोंब.

माझी आई तेव्हा एकोणऐंशीची. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. तिने एक दोनशे पानी वही घेतली आणि गॅलरीत बसून गाड्या मोजायला सुरुवात केली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. रिक्षा, मोटारी, दुचाकी, 'इतर' असे चार रकाने. 'इतर'मध्ये एकदा घोडा होता, लग्नाचा. साडेआठ ते साडेनऊ एवढ्या वेळात तिचं पान भरायचं. मी म्हटलं, "आई, कोणाला दाखवणार आहेस हे?" ती म्हणाली, "कोणाला नाही. पण कोणी विचारलंच तर अंदाजे सांगायचं का?"

गोखले पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ला सुरू झाली. तेव्हा कळलं की शेजारचा बर्फीवाला पूल आणि हा पूल यांच्या उंचीतच फरक पडलाय, एक वर, एक खाली. त्यावर महिनाभर विनोद चालले. जुलैमध्ये ते जोडलेही, आणि २०२५च्या मे महिन्यात दुसरी बाजूही झाली. पण आमची गल्ली काही कोणी विसरलं नाही. एकदा पायाखालची झालेली वाट माणूस सोडत नाही.

मधल्या काळात आमच्यावर आणखी एक प्रसंग आला: काँक्रीट. महापालिकेने २०२३पासून मुंबईभर रस्ते काँक्रीटचे करायला घेतले, दोन टप्प्यांत मिळून सुमारे ७०० किलोमीटर. २०२५च्या जानेवारीत आमचा नंबर लागला. हायवेकडच्या तोंडाला पत्रे लागले, 'काम चालू, रस्ता बंद', आणि जेसीबीने आमच्या लहानपणाचं डांबर उकरून काढलं. खाली चार थर निघाले. माणसाच्या पोटात काय काय असतं तसं: केबली, कुजका पाइप, कधीकाळची फरशी.

सुपरवायझर बीडकडचा तरुण मुलगा होता. त्याच्यामुळे मला रस्ता कसा होतो ते कळलं. आधी खडीचा थर दाबायचा. त्यावर कोरडं काँक्रीट, त्याला तो डीएलसी म्हणायचा. त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि मग खरं जाड काँक्रीट. आधी डावी बाजू, मग उजवी. ओतून झालं की त्यावर मसाल्याचे छोटे छोटे बांध घालून वाफे करायचे आणि पाणी भरून ठेवायचं. भाताच्या खाचरासारखी दिसत होती गल्ली. "किती दिवस?" मी विचारलं. "क्युरिंग असतंय मॅडम. अठ्ठावीस दिवसांनी ताकद येते त्याला." हे वाक्य तो दिवसातून वीस वेळा म्हणत असणार, कारण प्रत्येक फ्लॅटमधलं कोणी ना कोणी खाली येऊन तोच प्रश्न विचारायचं.

वाफ्यांत मुलांनी होड्या सोडल्या. आमच्या गेटसमोर ओल्या काँक्रीटवरून रात्री कुत्रं चालत गेलं, त्याच्या पंजांचे सात ठसे आहेत. आठवा उडी मारल्यामुळे नसावा. त्यांच्या शेजारी एका लहान मुलाच्या चपलेचा ठसा आहे, अर्धा. सुपरवायझरने पाहिला आणि थापी घेऊन बसला, पण वेळ गेली होती.

तर मे महिन्यापर्यंत गल्ली बंद. आणि हळूहळू काहीतरी होऊ लागलं, जे आधी आमच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी आवाज ऐकू येऊ लागले. म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याशी बोलत होत्या आणि तो खालून उत्तर देत होता, आणि दोघांचंही ऐकू येत होतं. झालेल्या डाव्या बाजूवर पोरं बॅडमिंटन खेळू लागली. कुणीतरी खडूने लंगडीचं घर आखलं. सातव्या मजल्यावरचे जोशी कोण आणि चौथ्यावरचे कोण, हे मला त्या चार महिन्यांत कळलं. ते त्याआधी सहा वर्षं माझ्याच लिफ्टमधून जात होते.

याचं गोड चित्र रंगवणं सोपं आहे, म्हणून दुसरंही सांगते. गॅसचा सिलिंडर खांद्यावरून यायचा आणि आणणारा पोरगा प्रत्येक दारात वरचे वीस-तीस रुपये मागायचा. दिले पाहिजेतच. धुळीने सगळ्या गॅलऱ्या पांढऱ्या. फेब्रुवारीत एका रात्री समोरच्या आजोबांच्या छातीत दुखू लागलं. ॲम्ब्युलन्स तोंडाशी येऊन थांबली, पुढे खड्डा. कामावरच्या चार मजुरांनी आजोबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि पालखीसारखं उचलून फळीवरून पलीकडे नेलं. आजोबा बरे होऊन घरी आले. पण त्या रात्री सून रस्त्यात उभी राहून ज्या शब्दांत ओरडत होती, ते मीटिंगमध्ये कोणी काढले नाहीत.

मे अखेरची मुदत होती. पाऊसच २६ मेला आला, पंचाहत्तर वर्षांत एवढ्या लवकर आला नव्हता म्हणे. त्याच्या आधी आठवडाभर पत्रे निघाले. गुळगुळीत, पांढरा, सरळ रस्ता. पहिल्या सकाळी साडेआठला पहिली रिक्षा आली ती पूर्वीच्या दुप्पट वेगाने. खड्डेच नव्हते ना! आईने वही उघडली.

त्यानंतर पंधरा दिवसांत मीटिंग.

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. वरच्या स्टॅकमधून अधूनमधून तेलाचा थेंब पडायचा, तेवढी खुर्ची सोडून सगळे बसले. चहा, बटाटेवडे. आमच्यापैकी निम्मे निवृत्त, त्यामुळे मागच्या मीटिंगचं इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं एका काकांचं म्हणणं पडलं. मागची मीटिंग पाण्याच्या टाकीवर होती. ते वाचून कायम झालं.

मग सेक्रेटरींनी मांडलं: हायवेकडच्या तोंडाला लोखंडी गेट, सकाळी आठ ते रात्री आठ बंद, वॉचमन, रहिवाशांच्या गाड्यांना स्टिकर. टाळ्या पडल्या. पहिल्या मजल्यावरची एक आई उठली. "मला मुलाला सायकल शिकवायची आहे. गच्चीवर शिकवू का?" याला उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले एक काका शांतपणे म्हणाले, "इथे बंद केलं म्हणून गाडी काय वाफ होऊन जाणार आहे? शेजारच्या गल्लीत शिरेल." शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ, ज्यांना आमंत्रण नव्हतं, मागे उभेच होते. ते म्हणाले, "आमच्याकडे शिरली तर आम्हीही गेट लावू." मग तिसऱ्या गल्लीचा विषय निघाला. दहा मिनिटं आम्ही अख्खं पार्लं गेटांनी बंद करत करत स्टेशनपर्यंत पोचलो.

वाण्याचं म्हणणं वेगळं. "येणारा-जाणारा थांबतो म्हणून माझं दूध दहा वाजता संपतं. तुमच्या भरवशावर राहिलो तर दुपारी फाटेल." डॉक्टरांना पेशंटची काळजी. कॉलेजातल्या एका मुलाने सांगितलं की गेटऐवजी मधे कुंड्या ठेवा, दोन्हीकडून आत येता येईल, आरपार जाता येणार नाही. कल्पना चांगली होती. पण आरपार जाता येणार नाही म्हणजे आपल्यालाही येणार नाही, हे लक्षात आल्यावर पार्किंगमध्ये एकदम शांतता झाली. "म्हणजे मी हायवेला जायला स्टेशनकडून वळसा घालायचा?" "हो काका." "छे!"

त्या 'छे!'वर मी पुढचे कित्येक दिवस विचार करत होते. मीटिंगभर आम्ही 'ट्रॅफिक' हा शब्द वापरत होतो, आणि प्रत्येकाच्या डोक्यात ट्रॅफिक म्हणजे दुसऱ्याची गाडी होती.

कुंड्यांची ही कल्पना काही आकाशातून पडलेली नाही. माझी मावसबहीण लंडनमध्ये वॉल्थम फॉरेस्ट भागात राहते. तिथे दहा वर्षांपूर्वी राहत्या वस्तीतले रस्ते असेच मधे अडवले: लाकडी कुंड्या, खांब, कुठे कॅमेरे. पायी आणि सायकलने आरपार जा, मोटार आत येऊ शकते पण पलीकडे निघू शकत नाही. २०१५ साली लोकांनी तिथे शवपेटी खांद्यावर घेऊन निषेध केला. पुढे २०२०मध्ये करोनाच्या काळात लंडनमध्ये अशा योजनांचं पीक आलं, आणि भांडणांचंही. ॲम्ब्युलन्स अडकते, दुकानं बसतात, कडेच्या मोठ्या रस्त्यावर राहणाऱ्या गरिबांच्या माथी सगळा धूर जातो. बहीण हे फोनवर सांगत होती आणि मला आमच्या पार्किंगमधल्या खुर्च्या दिसत होत्या. फक्त बटाटेवडे नव्हते. "तुझं काय मत?" मी विचारलं. ती म्हणाली, "पहिलं वर्ष मी रोज शिव्या घातल्या. आता विचारू नकोस, आता मांजर रस्त्यात झोपतं."

मुंबईत रस्ता बंद करणं नवीन आहे असं समजू नका. आम्ही तर यात तरबेज आहोत. गणपतीचा मांडव पडला की दहा दिवस अर्धी गल्ली बंद, दहीहंडीला पूर्ण बंद, कोणाच्या घरी लग्न निघालं की 'कृपया सहकार्य करावे'. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये बांबू, हातगाडी, जुना पलंग, जे मिळेल ते आडवं टाकून लोकांनी आपापल्या गल्ल्या बंद केल्या होत्या. २०१४च्या नोव्हेंबरात वांद्रे-सांताक्रूझकडे लिंकिंग रोड, एस. व्ही. रोडचा पट्टा रविवारी सकाळी गाड्यांना बंद करून लोकांना दिला होता. २०२२च्या मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी मरीन ड्राइव्हसारख्या रस्त्यांवर रविवारचा तसाच उपक्रम केला. हौसेने लोक स्केट्स घेऊन गेले. मीही गेले होते, गाडीने. आता हसू येतं. सणाला नाहीतर रविवारी रस्ता बंद झाला तर चालतो आम्हाला, कारण सोमवारी तो पुन्हा उघडणार असतो.

कायद्याचं मी बघितलं. बँकेत सत्तावीस वर्षं काढल्यावर कागद वाचल्याशिवाय चैन पडत नाही. सार्वजनिक रस्ता हा १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्याप्रमाणे महापालिकेच्या मालकीचा. त्यावर कोणी गेट उभं केलं तर कलम ३१२खाली ते अडथळा ठरतं, आणि ते काढून टाकायचा अधिकार पालिकेला आहे. गाड्यांना बंदी घालायची तर ते मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ११५चं काम. महिनाभराच्या आतली बंदी असेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे तात्पुरतं करून बघायची वाट कायद्याने उघडी ठेवली आहे, आणि ती मला बरीच शहाणपणाची वाटते. हे मी पुढच्या मीटिंगला सांगितलं. "पण नगरसेवकाला सांगून..." एक काकू म्हणाल्या. २०२२च्या मार्चपासून प्रशासक होते, नगरसेवक नव्हतेच. "मग सांगायचं कोणाला?" काकूंनी विचारलं, आणि त्या वेळी तो प्रश्न अर्ध्या मुंबईचा होता.

गेटाबद्दल मला पहिल्यापासून खटकत होतं ते वेगळंच. हायवेकडच्या वस्तीतली पोरं सकाळी आमच्या गल्लीतून शाळेत जातात. घरकामाच्या बायका येतात, मच्छीवाली येते, चाकूला धार लावणारा येतो. यातल्या कोणाकडेच गाडी नाही. पण वॉचमन बसला की तो गाडीला विचारायच्या आधी पायी माणसाला विचारतो: "कुठे?" गाडीला तो सलाम करतो. मी आजवर एकही गेट पाहिलं नाही, जिथे याच्या उलटं होतं. एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाच्या २००८च्या वाहतूक अभ्यासात महानगरातल्या रोजच्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायी होतात असं निघालं होतं. त्या निम्म्यांपैकी कोणीही आमच्या मीटिंगला नव्हतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी विचारलं. त्या फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "गाड्या बंद करा की ताई, बरंच होईल, मागून हॉर्न देतात मेले. पण आम्हाला लांबून यायला लावू नका. माझी सहा घरं आहेत."

कोपऱ्यावर थांबणारा रिक्षावाला साताऱ्याकडचा. त्याचं सरळ. "मला कशाला हवी तुमची गल्ली? मोठ्या रस्त्याने गेलो तर माझंच मीटर पडतं. पॅसेंजर मोबाइल पुढे धरतो, इकडून घ्या म्हणतो."

अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात डोनाल्ड ॲपलयार्ड नावाचे नगररचनेचे प्राध्यापक होते. १९६९च्या सुमारास त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतले एकमेकांजवळचे, एकसारखेच दिसणारे तीन रस्ते निवडले. एकावरून दिवसाला साधारण २,००० गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. त्यांनी लोकांना विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती? शांत रस्त्यावर सरासरी तीन. गजबजलेल्या रस्त्यावर एकसुद्धा धड नाही, ०.९. मग त्यांनी लोकांना नकाशा देऊन सांगितलं, 'माझं घर' कुठपर्यंत वाटतं ते आखा. शांत रस्त्यावरच्या लोकांनी अख्खा रस्ता आपल्या रेघेत घेतला. गजबजलेल्या रस्त्यावरच्यांची रेघ आपल्या इमारतीबाहेर जाईना. हेच ॲपलयार्ड १९८२ साली अथेन्समध्ये मोटारीच्या अपघातात गेले.

हे वाचल्यावर मी आईच्या वहीच्या मागच्या पानावर गल्ली काढली आणि स्वतःची रेघ आखली. १९८०ची रेघ स्टेशनकडच्या तोंडापासून हायवेकडच्या तोंडापर्यंत, डॉक्टरांच्या आवारासकट आणि पेरूसकट. आजची रेघ आमच्या दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडपाशी संपली. आईला वही दिली. तिने गॅलरीच्या कठड्यापासून रस्त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत गोल काढला. म्हणाली, "मला दिसतं तेवढं माझं." मग जरा वेळाने म्हणाली, "काँक्रीटच्या वेळी चार महिने मला करमलं नाही, सांगू नकोस कोणाला. मोजायला काही नव्हतं."

अर्ज अखेर गेला. गेट बारगळलं, कायद्याचं कलम ऐकून सेक्रेटरी बिचकले होते. त्याऐवजी सकाळी आठ ते अकरा बाहेरच्या वाहनांना मनाई, प्रायोगिक तत्त्वावर महिनाभर, असं लिहिलं. शंभराच्या वर सह्या. ट्रॅफिकचे एक साहेब मोटारसायकलवरून पाहणीला आले. हेल्मेट काढून काखेत धरलं आणि गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. आमचे दहाबारा जण मागे. परत येऊन त्यांनी विचारलं, "रस्ता किती फुटी?"

"तीस," सेक्रेटरी म्हणाले.

"मला बारा दिसतोय." दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. सगळ्या आमच्याच. नवीन काँक्रीटवर तर लोक हौसेने लावत होते, खाली चिखल नाही म्हणून. "उद्या आगीचा बंब आला तर शॉर्टकटवाल्यांमुळे नाही अडायचा. आधी एका बाजूच्या गाड्या काढा. पार्किंग आहे ना आत? एवढं करा, मग बोर्ड लावायचं मी बघतो."

बोलणं रास्त होतं. कोणी वाद घातला नाही. त्या रविवारी एका बाजूच्या गाड्या स्टॅकमध्ये चढल्याही, आणि सेक्रेटरींनी ग्रुपवर फोटो टाकला: रिकामी उजवी कड, सरळ, पांढरी. बुधवारपर्यंत तीन परत आल्या. पुढच्या आठवड्यात सात. ज्यांना 'छे!' झालं होतं ते काका म्हणाले, "माझा गुडघा बघा, मी ते बटण दाबत उभा राहू का?" गुडघा खरंच वाईट आहे त्यांचा. साहेबांना परत बोलवायला कोणी गेलं नाही. कुत्र्याचे सात पंजे आता एका एसयूव्हीच्या पुढच्या चाकाखाली असतात. रविवारी ती अलिबागला गेली की दिसतात.

आता माझं. मी बँकेत अंधेरी पश्चिमेला जाते, स्कूटरवरून. गोरे पूल उतरला की एस. व्ही. रोडवर सकाळी मुंगी शिरणार नाही अशी स्थिती. म्हणून मी सोसायट्यांच्या एका गल्लीत वळते आणि पुढे निघते. चार मिनिटं वाचतात. २०२२पासून वळते आहे. अर्जावर सही केली त्या सकाळीही वळले होते. त्या गल्लीचं नाव मला अजून माहीत नाही.

परवा त्या गल्लीत रस्त्याच्या मधोमध एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची होती. तिच्यावर बंडी घातलेले एक आजोबा पेपर वाचत बसले होते. पलीकडे एक लहान मुलगी आधाराची चाकं लावलेली सायकल चालवत होती आणि दर फेरीला खुर्चीला वळसा घालत होती. मी थांबले. हॉर्नवर अंगठा गेला होता, तो काढला. आजोबांनी पेपराच्या वरून पाहिलं. घाई केली नाही. पेपराची घडी घातली, काखेत मारली, उठले, खुर्ची एका हाताने उचलून कडेला घेतली आणि मुलीला म्हणाले, "गाडी."

मी गेले. वळणावर आरशात पाहिलं. खुर्ची परत मधोमध होती.